इतक्या प्रजाती कशाला? (कढीपत्त्यावरच्या अळीवरून आलेला प्रश्न)

मुलुंडची_मावशी:
नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र वाटेल पण आमच्या घरात सध्या यावरून जोरदार वाद चालू आहे. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या होत्या, आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या आणि मग हळूहळू हिरव्यागार. मी उचलून फेकणार तेवढ्यात लेकीने (बारावी सायन्स, त्यामुळे घरातलं सगळं ज्ञान तिच्याकडेच) अडवलं. कोष झाले, फुलपाखरं निघाली. एक काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा असलेलं, आणि दुसरं चक्क लाल ठिपक्यांचं. मी म्हटलं दोन जातींची अंडी असतील, तर लेक म्हणे नाही, दोन्ही कॉमन मॉरमॉनच, लाल ठिपकेवाली मादी आहे आणि ती भलत्याच एका फुलपाखराची नक्कल करते.

ते एक असो. माझा प्रश्न वेगळाच आहे. तिच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यात लिहिलंय की परिस्थितीला जो जास्त अनुकूल तो टिकतो, बाकीचे मागे पडतात. मग अशी निवड होत होत शेवटी थोडेच प्रकार उरायला हवेत ना? वाढतात कसे? आणि पुढे परिसंस्थेचा धडा येतो, त्यात कोण कोणाला खातं याचे बाण काढलेत, पण हे सगळे मुळात आले कुठून ते नाही. दोन्ही धडे वाचून माझी उत्सुकता होती त्याच्या दुप्पट झाली आणि उत्तर मात्र कुठेच नाही. कोणी सोपं करून सांगेल का? विकीची लिंक देऊ नका, वाचून झालंय.

टवाळ_कार्टा:
पहिला नंबर. वाचतोय. कढीपत्ता वाचला का ते सांगा आधी.

मुलुंडची_मावशी:
नुसत्या काड्या उरल्यात. पोहे विदाउट कढीपत्ता चालू आहेत.

जंगलवाट:
मावशी, लेक बरोबर आहे. आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या लाल ठिपकेवालीतच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मी बोरीवलीच्या नॅशनल पार्कात फुलपाखरांच्या मागे फिरणारा हौशी माणूस, प्रोफेसर वगैरे नाही.

कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही दोन फुलपाखरं आपल्याकडे सर्रास दिसतात. त्यांच्या अळ्या सापसंदाच्या वेलावर वाढतात. तो वेल विषारी, ते विष अळी अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते अंगात राहतं. पक्ष्याने एकदा तोंडात धरलं की थुंकतो आणि ते लाल-काळं रूप लक्षात ठेवतो. कॉमन मॉरमॉन कढीपत्ता, लिंबू, बेल असलं खाऊन वाढतं, म्हणजे पक्ष्याला एकदम चविष्ट. पण त्याच्या काही माद्या कॉमन रोझसारख्या दिसतात, काही क्रिमझन रोझसारख्या, आणि काही सरळ आपल्या नरासारख्याच. म्हणजे एकाच जातीत माद्यांची तीन रूपं. अशा नकलेचा विचार बेट्स नावाच्या इंग्रज माणसाने ॲमेझॉनमधली फुलपाखरं पाहून १८६२ मध्ये मांडला, म्हणजे डार्विनच्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी.

आता हे होतं कसं? २०१४ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही सगळी अदलाबदल डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमुळे होते. कीटकांमध्ये नर-मादी वेगळे घडवायचं काम करणारं जुनंच जनुक, इथे त्याला पंखांच्या नक्षीचं जास्तीचं काम लागलंय. ही झाली उत्क्रांतीची बाजू. पण ती नक्कल फायद्याची आहे की नाही हे जनुकात कुठेही लिहिलेलं नाही. ते ठरतं आसपास खरी विषारी रोझ किती आहेत, सापसंद किती आहे, आणि पक्षी त्यांना ओळखतात का यावर. रोझ नसलेल्या ठिकाणी तो लाल रंग म्हणजे पक्ष्याला नुसतं आमंत्रण.

मुलुंडची_मावशी:
वा! पण मग सगळ्याच माद्या नकली का झाल्या नाहीत? फायदा आहे तर तीन तीन रूपं ठेवायची कशाला?

जंगलवाट:
कारण नक्कल दुर्मिळ असते तोवरच चालते. समजा नकली माद्या खऱ्या रोझपेक्षा जास्त झाल्या, तर नवशिक्या पक्ष्याच्या तोंडात पहिली पडणारी चविष्टच असणार, आणि तो शिकणार की लाल ठिपके म्हणजे मेजवानी. मग नकलीचा फायदा गेला, नरासारख्या दिसणाऱ्या माद्यांचं बरं चाललं. परत नकली कमी झाल्या की त्यांचे दिवस चांगले. आणि कॉमन रोझसारखी खूप झाली तर क्रिमझन रोझसारखीचा भाव वाढतो. म्हणजे इथे "सगळ्यात चांगलं रूप" अशी गोष्टच नाहीये, कुठलं रूप चांगलं ते बाकीची रूपं किती आहेत त्यावर अवलंबून. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हेच आहे. निवड झाली की प्रकार कमी होतात हे खरं, पण कधी? निकष सगळ्यांना सगळीकडे एकच असेल तेव्हा. निकष ठरवते परिस्थिती आणि परिस्थितीत बाकीचे जीवही आले. पुस्तकात दोन धडे वेगळे काढले तिथेच घोळ झाला.

साधा_इंजिनीअर:
जंगलवाट, लिहिलंय छान पण मला हे सगळं जरा जास्तच गोड गोड वाटतं. प्रत्येक जिवाला आपापली जागा आहे, सगळं कसं फिट बसलंय वगैरे. आमच्या स्टेशनबाहेरच्या खाऊगल्लीत या. तुमच्या हिशेबाने एक वडापाववाला, एक डोसेवाला, एक चायनीज असं असायला हवं, पण तिथे वडापावच्याच तीन गाड्या शेजारी शेजारी आहेत, चव सेम, भाव सेम, आणि तिघेही वर्षानुवर्षं धंदा करतायत. मग ती "प्रत्येकाची वेगळी जागा" गेली कुठे? कोण टिकला कोण गेला हा निव्वळ नशिबाचा भाग असू शकतो की.

मास्तर_परळ:
इंजिनीअरसाहेब, तुमचं म्हणणं शास्त्रात मांडलं गेलेलं आहे बरं का. स्टीफन हबेल यांनी पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या पन्नास हेक्टर जंगलातलं एकूण एक झाड मोजायला घेतलं, तिथे झाडांच्याच तीनशेच्या आसपास प्रजाती भरल्या. २००१ मध्ये त्यांनी मांडलं की समजा सगळ्या प्रजाती अगदी सारख्याच ताकदीच्या आहेत, कोण मरतो आणि त्या जागी कोणाचं रोप येतं ही सोडत आहे, तरीसुद्धा जंगलात दिसते तशी विविधता बऱ्यापैकी जमून येते. त्याला उदासीन सिद्धांत म्हणतात. त्यावर जोरात भांडणं झाली, अजून होतात. त्यामुळे नशिबाचा भाग आहे हे मान्यच.

पण उलट बाजूला गाउझ. रशियन. १९३४ मध्ये त्याने काचेच्या नळीत दोन जातींचे पॅरामेशियम (पाण्यातले एकपेशी जीव) एकत्र वाढवले, एकच खाणं, एकच जागा. एक उरला, दुसरा संपला. खाणं वेगळ्या थरात मिळेल अशी जोडी घेतली तर दोन्ही टिकले. मी शिकवत असताना मुलांना हा प्रयोग सांगितला की एक तरी मुलगा विचारायचा, सर मग बाहेर निसर्गात एवढे सारखे सारखे प्राणी कसे? तोच मुलगा हुशार निघायचा.

खाऊगल्लीचं म्हणाल तर तिथे गाडीवाला स्वतः बदलत नाही. प्राणी पिढ्यानपिढ्या बदलतो. शेजारी कोण आलं त्याप्रमाणे बदलतो. हा मोठा फरक आहे.

चहाबिस्कीट:
मास्तर, "शेजारी कोण आलं त्याप्रमाणे बदलतो" याचं एखादं पक्कं उदाहरण द्या ना. नाहीतर इंजिनीअर सोडणार नाही :)

मास्तर_परळ:
देतो. गॅलापागोसमध्ये डॅफ्नी मेजर म्हणून एक चिमुकलं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होतं, पक्षी न् पक्षी पायात कडी घातलेला. १९७७ मध्ये जवळजवळ पाऊसच पडला नाही. मऊ बारीक बिया संपल्या, उरली ती काटेरी कडक फळं. आपल्याकडे शेतात पायात घुसतो तो सराटा, त्याच्या भावकीतल्या झाडाची. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम आकाराच्या फिंचपैकी बहुतेक मेले, जाड चोचीचे त्यातल्या त्यात जास्त वाचले, पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. इथपर्यंत सगळे सांगतात.

खरी गंमत पुढे आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. १९८२ च्या सुमाराला त्याच बेटावर मोठा फिंच येऊन वसला, चोच आणखी दणकट. १९८३ च्या तुफान पावसानंतर काही वर्षं लहान बियांचा सुकाळ होता, काही बिघडलं नाही. मग २००४-०५ च्या सुमाराला पुन्हा दुष्काळ. तेच बेट, तोच मध्यम फिंच, तसाच दुष्काळ, म्हणजे चोच पुन्हा जाड व्हायला हवी ना? झाली बारीक! कारण ती कडक फळं आता मोठा फिंच फस्त करत होता. जाड चोचीवाले मध्यम फिंच त्याच्याशी स्पर्धेत उपाशी मेले, आणि जे बारीक बियांवर भागवू शकत होते ते राहिले.

आता सांगा, नुसती उत्क्रांती माहीत असलेल्या माणसाने याचं भाकीत कसं केलं असतं? नाही जमणार, त्याला शेजारी कोण आहे ते माहीत हवं. आणि नुसता शेजार माहीत असलेल्याला हे कळणार नाही की पक्ष्याची चोचच बदलून जाईल. डार्विनला वाटायचं की हे इतकं सावकाश चालतं की डोळ्यांनी दिसणं अशक्य. ग्रँट नवरा-बायकोने ते फूटपट्टीने मोजलं.

टवाळ_कार्टा:
मास्तर, फूटपट्टी नाही हो, कॅलिपर असेल. बाकी अंगावर काटा आला. सराट्याचा.

फवारणी:
मी या विषयातला शास्त्रज्ञ नाही, आयुष्य डासांच्या मागे गेलं. टाक्यांवर चढणं, विहिरीत डोकावणं, लोकांच्या शिव्या खाणं. पण वरचं वाचून सांगावंसं वाटलं की हे सगळं बघायला गॅलापागोसला कशाला जायचं.

मुंबईकर म्हणतो "डास". आम्हाला तीन वेगळे दिसतात. ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, मलेरियावाला, त्याला स्वच्छ पाणी पाहिजे, गच्चीवरची उघडी टाकी, जुनी विहीर, बांधकामाच्या जागी साठवलेलं पाणी. रात्री चावतो. एडिस इजिप्ती, डेंग्यूवाला, त्याला थोडंसंच पाणी पुरतं, कुंडीखालची ताटली, टायर, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली. दिवसा चावतो, आणि त्याची अंडी सुकली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की अळी बाहेर. तिसरा क्युलेक्स, गटारवाला, जितकं घाण पाणी तितका खूश, रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच. एका सोसायटीच्या आवारात तिघं सुखाने नांदतात कारण पाणी वाटून घेतलंय. तुम्ही टाकी बंद केली तर पहिला कमी होईल, बाकीच्या दोघांना काही फरक नाही.

एडिसचे पूर्वज आफ्रिकेतल्या जंगलात झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढायचे. माणसाने घरात पाणी भरून ठेवायला सुरुवात केली आणि काहींनी ढोली सोडून रांजण धरला, मग माणसाच्याच रक्ताची चटक लागलेला वेगळा प्रकार तयार झाला आणि जहाजांतून जगभर गेला. आता उलटा प्रवास चाललाय, आपला स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि तिथून पुढे पसरतोय. तिकडचे मलेरियाचे डास जास्त करून खेड्यापाड्यातले, शहरातली टाकीची जागा तशी रिकामीच होती. आयतीच मिळाली याला.

आणि औषधाचं म्हणाल तर एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहिलं की नंतर नंतर डास त्यावर हसतो. ते मला कोणी शिकवायला नको.

चहाबिस्कीट:
फवारणीकाका, एक नंबर प्रतिसाद. धाग्याचं सार्थक झालं.

मुलुंडची_मावशी:
काका, मनी प्लांटची बाटली आत्ता रिकामी केली. आणि ते गप्पी मासे सोडतात ना टाकीत, त्याचा उपयोग होतो का खरंच?

फवारणी:
विहिरीत, कारंज्यात, शोभेच्या हौदात होतो. अळ्या चांगल्या खातात. पिण्याच्या टाकीला झाकण हाच उपाय. नैसर्गिक तळ्या-ओढ्यात मात्र सोडू नयेत, तिथले मूळचे मासे मार खातात.

साधा_इंजिनीअर:
डासांचं पटलं. तरी माझी शंका आहेच. तुम्ही सगळे घडून गेल्यावर गोष्टी सांगताय. चोच जाड झाली की म्हणणार बिया कडक होत्या, बारीक झाली की म्हणणार शेजारी आला. कोणी आधी सांगून, प्रयोग करून, तसं झालंय असं दाखवलंय का? आमच्या फील्डमध्ये पूल पडल्यावर कारण सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही.

जंगलवाट:
केलंय, आणि मावशींच्या गप्पी माशावरच केलंय. गप्पी मूळचा त्रिनिदाद आणि त्या बाजूच्या ओढ्यांतला. तिथे धबधब्याच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर ते पोचत नाहीत. खालचे गप्पी नर फिके, वरचे रंगीबेरंगी. जॉन एंडलर याचं म्हणणं होतं की मादीला भडक नर आवडतो आणि शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो, या दोघांच्या रस्सीखेचीतून रंग ठरतो. मग १९७६ मध्ये त्याने शिकाऱ्यांच्या जागेतले फिके गप्पी उचलून, गप्पीच नसलेल्या आणि मोठे शिकारी नसलेल्या ओढ्यात सोडले. दोन वर्षांच्या आत नर जास्त ठिपक्यांचे, जास्त रंगीत झाले. पुढे डेव्हिड रेझनिकने अशाच सोडलेल्या माशांचं बाकीचं वेळापत्रक पाहिलं, मोठे शिकारी नसताना ते उशिरा वयात यायला लागले आणि पिल्लं कमी पण मोठी द्यायला लागले. त्या माशांच्या पिल्लांना प्रयोगशाळेत वाढवलं तरी फरक राहिला, म्हणजे नुसतं खाण्यापिण्याने झालेलं नव्हतं. हा झाला तुमचा पूल, आधी ड्रॉइंग आणि मग बांधकाम.

साधा_इंजिनीअर:
हे जबरी आहे. दोन वर्षं! आमच्या इथला फ्लायओव्हर त्याहून जास्त रखडलाय.

खाडीपुत्र:
आमचं घर खाडीकाठी, बाप अजून जाळं टाकतो. फ्लेमिंगोंचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. ठाणे खाडीत दोन प्रकार येतात, छोटा आणि मोठा. बाहेरून आलेले लोक म्हणतात सगळे गुलाबी. छोट्याच्या चोचीतली गाळणी एकदम बारीक, तो सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठ्याची गाळणी जाडी, तो कोळंबीसारखे बारके जीव, शिंपल्या, किडे असलं खातो. एकाच चिखलात उभे, पण ताट वेगळं.

आणि तिवरांचंही तसंच. लोकांना सगळं "खारफुटी" एकच झाड वाटतं. तिवर पानातून मीठ बाहेर टाकतो, पान चाटून बघा, खारट लागतं. कांदळ मुळाशीच मीठ बरंचसं अडवतो आणि त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं, मग चिखलात पडतं. चिपी वेगळीच. ही झाडं एकमेकांची सख्खी नाहीत, वेगवेगळ्या कुळांतली येऊन खाऱ्या चिखलात जगायला आपापल्या परीने शिकलीत. एकदा झाडं आली की मुळांत गाळ अडतो, त्या गाळात निवटी, खेकडे, कालवं. झाड नसतं तर यातल्या कित्येकांना जागाच नव्हती.

मास्तर_परळ:
खाडीपुत्रा, शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. सगळे समजतात की निसर्गात रिकाम्या जागा आधीपासून मांडून ठेवल्यात आणि प्राणी त्यात येऊन बसतात. तसं नाही, जीवच नवीन जागा तयार करतात, मग त्या जागेत दुसरे घडतात, त्यांच्यामुळे तिसरे.

याला उंबरासारखं उदाहरण नाही. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात कारण फुलं त्या फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात. त्याच्या तोंडाच्या बारीक भोकातून एक चिमुकली माशी आत शिरते, शिरताना पंख तुटतात, परत येणं नाही. आतल्या फुलांवर पराग टाकते, काही फुलांत अंडी घालते, मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखी, ते आतच जोडीदारणी शोधतात, बाहेर जायला बोगदा कोरून देतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन उडतात. जवळजवळ प्रत्येक जातीच्या वडा-उंबराची अशी आपापली माशी. जगात या गोतावळ्यातली झाडं साडेसातशेच्या आसपास, म्हणजे माश्यांच्या जाती किती ते धरा.

त्यावर पुन्हा फुकटे. लांब सुईसारखी नळी असलेल्या दुसऱ्या माश्या बाहेरूनच गोळ्याला भोक पाडून अंडी घालतात, परागाचं काम काही करत नाहीत. त्यातल्या काहींच्या अळ्या पहिलीच्या अळ्या खातात. या सगळ्यांना पकडायला मुंग्या गोळ्यावर टपून बसतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस यांच्या गटाने यावर खूप काम केलंय. आणि ही माशी जगते जेमतेम एक-दोन दिवस, तेवढ्यात तिला फुलावर आलेलं दुसरं झाड सापडलंच पाहिजे, म्हणून सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत, वर्षभर कुठला ना कुठला चालूच असतो. त्यामुळे बाकीची झाडं रिकामी असताना हरियाल, धनेश, वटवाघळं उंबरावर जगतात. एवढ्याशा माशीच्या आयुष्याचा हिशेब हरियालाच्या पोटापर्यंत येतो!

टवाळ_कार्टा:
मास्तर, मी लहानपणी भरपूर उंबरं खाल्लीत. आता हे का सांगितलंत.

चहाबिस्कीट:
हाहाहा. प्रोटीन समज.

अवांतर: शिकारी प्राणी असले की विविधता कमी होते की वाढते? कारण वरती शिकाऱ्यांमुळे गप्पी फिके झाले म्हणताय.

जंगलवाट:
दोन्ही होऊ शकतं. रॉबर्ट पेनचा प्रयोग प्रसिद्ध आहे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर त्याने एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकून दिले, पुन्हा आले की पुन्हा फेकले. १९६६ मध्ये छापलं. तारामासा शिंपले खायचा, तो गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापला आणि पंधरा प्रजातींच्या जागी आठच उरल्या. मुख्य म्हणजे शिकारी जो जास्त माजलाय त्यालाच दाबत असेल तर बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळते.

साधा_इंजिनीअर:
आता माझा शेवटचा प्रश्न. समजा इकॉलॉजी बिघडवली, तर प्रजाती मरतात हे माहीत आहे. पण तुमच्या थिअरीप्रमाणे तर नवीन प्रजाती बनण्याची प्रक्रियाच उलटी फिरायला पाहिजे. तसं कुठे दिसलंय?

जंगलवाट:
दिसलंय, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात. हे सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं असं मानतात. पाणी परत आल्यावर तिथे सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास प्रजाती झाल्या. पंधरा हजार वर्षं म्हणजे भूगर्भाच्या हिशेबात काल संध्याकाळ. कोणी शेवाळ खरवडतं, कोणी गोगलगायी फोडतं, कोणी दुसऱ्या माशांची पिल्लं खातं. त्यातल्या काही तर जबडा-दात सारखेच, फक्त नराचा रंग वेगळा, एकीत निळा, एकीत लाल. या सरोवरात खोल पाण्यात लाल उजेड जास्त पोचतो, वर निळा. खोलवर राहणाऱ्यांचे डोळे लालला जास्त तयार, त्या माद्यांना लाल नर ठळक दिसतो, त्या त्यालाच निवडतात. उथळ पाण्यात निळा. अशा वेगळ्या आवडीमुळे दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत, मधे भिंत नसतानाही.

आता गंमत म्हणा किंवा वाईट म्हणा. काठावरची झाडं तुटली, शेतांतलं खत आणि सांडपाणी सरोवरात आलं, शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं. ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गढूळ भागात माद्यांना रंगच नीट दिसत नाहीत, त्या कोणालाही निवडतात, आणि लाल-निळ्याच्या जागी मधल्या मळकट रंगाचे संकर तयार होतात. एकही मासा मेला नाही तरी दोनाची एक प्रजाती. त्यात १९५० च्या दशकात सोडलेला नाईल पर्च नावाचा भलामोठा मासा पुढे माजला, त्याने आणखी कित्येक प्रजाती खाऊनच संपवल्या. तर तुम्ही म्हणालात तसं चाक उलटं फिरतं, हो.

खाडीपुत्र:
गढूळ पाण्याचं आम्हाला सांगू नका. बाप म्हणतो पूर्वी जाळ्यात काय काय यायचं ते नावंसुद्धा आता पोरांना माहीत नाहीत. कारणं वेगळी असतील, पण पाणी बिघडलं की काय होतं ते रोज बघतो.

मुलुंडची_मावशी:
लेकीला हा सगळा धागा वाचायला दिला. ती म्हणते, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत. तिचा एक प्रश्न: म्हणजे नवीन प्रजाती व्हायला नेहमी वेगळं काहीतरी करावंच लागतं का? वेगळं खाणं, वेगळा रंग?

जंगलवाट:
फार चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर "नाही" असं आहे. इथे इंजिनीअरला थोडे मार्क द्यावे लागतील. आपल्या सह्याद्रीत निमास्पिस नावाच्या छोट्या पाली आहेत, दिवसा फिरणाऱ्या, डोळ्यांची बाहुली गोल असलेल्या, सावलीतल्या ओलसर खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर राहणाऱ्या. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू इथून त्यांच्या नवनवीन प्रजातींची वर्णनं सारखी येतायत आणि त्यातल्या काही एखाद्या डोंगरापुरत्या किंवा छोट्याशा टापूपुरत्याच माहीत आहेत. काम मात्र साधारण सगळ्यांचं सारखंच, किडे खाणं. यांना मधली उघडी, कोरडी, तापलेली दरी ओलांडता येत नाही. गारवा आणि ओल सोडायची तयारीच नाही, म्हणून डोंगर सुटे झाले की पालीही सुट्या होतात, आणि लाखो वर्षं वेगळ्या राहून आपोआप वेगळ्या प्रजाती बनतात. सरोवरातले मासे बदलत गेले म्हणून फुटले, या पाली बदलल्या नाहीत म्हणून फुटल्या. तिथेही इकॉलॉजी आहेच, फक्त ती कुंपण म्हणून आहे.

साधा_इंजिनीअर:
म्हणजे तिथे वेगळेपण आलं ते बरंचसं नशिबाने, माझं म्हणणं तेच होतं. मार्क घेतले. पण मग समुद्रातल्या प्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं काय? पाणी ढवळलेलं, मधे डोंगर नाहीत, खायला तीच चार-पाच क्षारं आणि उजेड, तरी एका बादलीत डझनावारी प्रजाती. गाउझच्या हिशेबाने एकच उरायला हवी.

मास्तर_परळ:
हचिन्सन नावाच्या इकॉलॉजीच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये अगदी हाच प्रश्न विचारला होता. त्याचं स्वतःचं एक उत्तर असं की पाणी, उजेड, क्षार इतक्या लवकर बदलत राहतात की एकाने बाकीच्यांना पूर्ण हरवायच्या आत खेळाचे नियमच बदललेले असतात. पण त्यावर नंतर विषाणू, शिकारी, भोवरे अशी इतकी उत्तरं आलीत की इथे मावणार नाहीत. साहेब, त्याला नवीन धागा काढा. आणि खाडीपुत्राला त्यात आधी बोलवा.